भाडेकरूच्या दाव्यातलं समन्स: नोटिशीपासून रोजनाम्यापर्यंत

वकिलाच्या ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हमखास मिळणारं काम म्हणजे 'बेलिफाबरोबर जा आणि घर दाखव'. मलाही तेच मिळालं होतं. गाव धुळे, नंबराची गल्ली, बारा वाजताचं ऊन. बेलीफभाऊंनी, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याने, कडी वाजवली. सून बाहेर आली, डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "त्या घर नहीत, सांजले येतीन." (ते घरी नाहीत, संध्याकाळी येतील.) भाऊंनी घड्याळ बघितलं, डिंकाची बाटली काढली, समन्सची नक्कल दारावर डकवली आणि मूळ समन्सच्या मागे लिहिलं: 'प्रतिवादी मिळून आले नाहीत, सबब दारावर डकविले.' मी ओळख पटवणारा म्हणून खाली सही ठोकली आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

भाडेकरू तारखेला आला नाही. दावा एकतर्फा चालला, हुकूमनामा, म्हणजे निकाल, झाला. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, ताब्याचं वॉरंट निघालं तेव्हा मात्र भाडेकरूने वकील लावला. बेलीफभाऊ साक्षीला उभे राहिले. उलटतपासणीत एकच प्रश्न आला, सून काय म्हणाली? भाऊ सरळ माणूस, त्यांनी खरं सांगितलं. संध्याकाळी येणाऱ्या माणसाची वाट न बघता, पुन्हा एक फेरी न मारता डकवलेलं समन्स कोर्टाने धरलं नाही. हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा पहिल्या पानावर. घरमालक नाना आमच्या साहेबांना काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

तेव्हापासून नव्याने आलेल्या कोणालाही मी आधी बजावणी, म्हणजे कोर्टाचा कागद समोरच्याला रीतसर पोचवणं, शिकवतो, दावा कसा लिहायचा ते नंतर. हा लेख नवे ज्युनिअर, कारकून आणि स्वतःच कागद घेऊन कोर्टाच्या आवारात फिरणारे घरमालक-भाडेकरू यांच्यासाठी आहे.

तारखेला एवढं महत्त्व का

पैशाच्या दाव्यात समन्स पाच दिवस इकडेतिकडे पोचलं तर फारसं बिघडत नाही. भाडेकरूच्या दाव्यात बिघडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ मध्ये दोन मुदती आहेत आणि दोन्ही बजावणीच्या तारखेला बांधलेल्या आहेत.

थकलेल्या भाड्यासाठी घर खाली करून मागायचं असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती बजावल्यापासून ९० दिवस संपल्याशिवाय दावा लावता येत नाही. ही पहिली मुदत. दुसरी दावा लागल्यानंतरची. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला बाहेर काढता येत नाही. २५,००० रुपये थकले असतील तर वर्षाचं व्याज ३,७५० होतं. एवढ्यात घर वाचतं.

आता बघा, समन्स १० जूनला बजावलं तर ९० दिवस ८ सप्टेंबरला भरतात. भाडेकरूने १५ सप्टेंबरला पैसे भरले आणि म्हणाला, 'मला तर कागद २० जूनला मिळाला', की सगळा दावा बेलिफाच्या त्या दोन ओळींवर येऊन उभा राहतो. शिवाय लेखी कैफियतीचे, म्हणजे भाडेकरूच्या लेखी उत्तराचे, ३० दिवसही बजावणीपासूनच मोजतात. कोर्ट कारण नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

आधी बघा, भाडेकरू जिवंत आहे का

हसू नका. खानदेशातल्या जुन्या पेठांमध्ये, मग ते जळगाव असो, अमळनेर असो की चोपडा, भाडेपावतीचं पुस्तक अजून आजोबांच्या नावाने फाडलं जातं. माझ्या हातात अशा पावत्या आल्या आहेत ज्यांवर 'जि. पू. खा.' छापलेलं होतं, म्हणजे पूर्व खानदेश हा जिल्हा असतानाच्या, आणि त्यावरचं नाव तीन पिढ्यांनी जसंच्या तसं खाली आणलेलं. पावतीवर नाव आहे म्हणून त्याच नावाने दावा लावला, बेलीफ गेला आणि शेरा घेऊन आला: 'प्रतिवादी मयत.' दाव्याआधीच वारलेल्या माणसावर लावलेला दावा टिकत नाही. दावा चालू असताना वारला तर गोष्ट वेगळी, तेव्हा वारसांना ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचं असतं.

म्हणून नोटीस लिहिण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. घरात कोण राहतं, दुकानावर कोण बसतं, पाटी कोणाची, लाइटबिल कोणाच्या नावाने, हे वहीत टिपा. शेजारच्या आप्पांशी दोन गोष्टी बोला. मूळ भाडेकरूचे वारस एकत्र भाडेकरू ठरत असतील तर एकाला दिलेली नोटीस सगळ्यांना पोचली असं सर्वोच्च न्यायालयाने धरलेलं आहे. पण समन्सला हा सोपा रस्ता लागू नाही. दाव्यात पाच प्रतिवादी असतील तर पाच समन्स, पाच नकला आणि पाचांची वेगवेगळी बजावणी.

नोटीस

थकबाकीच्या नोटिशीची पद्धत मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे. नोटीस लेखी हवी, देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने वकिलाची सही हवी. ती टपालाने पाठवा, किंवा स्वतः हातात द्या, किंवा भाडेकरूच्या राहत्या घरी त्याच्या कुटुंबातल्या माणसाला अथवा नोकराला द्या. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर मिळकतीवर सहज दिसेल अशा जागी डकवा.

इथे 'नोकर' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे समन्सच्या वेळी तो नाही.

व्यवहारात टपालच बरं. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. त्यामुळे आता खिडकीवर 'स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, पोच हवी' असं तोंडाने स्पष्ट सांगा. पावती लगेच झेरॉक्स करा, कारण त्या कागदावरची शाई उन्हाळ्याआधीच उडते. ट्रॅकिंगही फार दिवस दिसत नाही, म्हणून 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढा. ती प्रिंट पुराव्यात वापरायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, हे साहेबांच्या कानावर घाला.

पाकीट परत आलं तर ते फोडू नका. नवीन पोरं हमखास फोडतात. आतली नोटीस तीच आहे हे कोर्टासमोर दाखवायचं असतं, म्हणून पाकीट बंदच ठेवायचं आणि वरचा पोस्टमनचा शेरा वाचायचा. 'घेण्यास नकार', 'दार बंद', 'सूचना देऊनही नेले नाही' अशा शेऱ्यांवर, पत्ता बरोबर असेल तर, नोटीस बजावली गेली असं गृहीत धरता येतं. त्याला आधार सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ चा. भाडेकरू ते गृहीतक खोडून काढू शकतो, पण ओझं त्याच्या डोक्यावर जातं. 'अपुरा पत्ता' असा शेरा आला तर मात्र चूक आपली. नोटीस पुन्हा पाठवा आणि ९० दिवस पुन्हा मोजा. नोटीस ५ जानेवारीला बजावली असेल तर साध्या वर्षात ९० दिवस ५ एप्रिलला भरतात, दावा ६ पासून. घाई करून आधीच लावलेला दावा मुदतपूर्व ठरतो, आणि समोरचा वकील हे पहिल्याच कैफियतीत लिहितो.

ही ९० दिवसांची नोटीस फक्त थकबाकीच्या कारणासाठी आहे. स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी, पोटभाडेकरू ठेवला, सहा महिने जागा विनाकारण बंद, अशी कलम १६ ची कारणं असतील तर तिची सक्ती नाही. आणि भाडेकरू मोठी कंपनी किंवा बँक असेल, म्हणजे भाडे नियंत्रण कायदाच लागू नसेल, तर महिन्याच्या भाडेकरारासाठी १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरार संपवावा लागतो. तुमची केस कोणत्या खान्यात बसते हे वकिलाकडून ठरवून घ्या, टायपिस्टकडून नको.

दावा दाखल करताना

मुंबईसारखं लघुवाद न्यायालय आपल्याकडे नाही. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, कुठेही असा, भाडे कायद्याखालचा दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे लागतो.

दाव्याबरोबर प्रत्येक प्रतिवादीसाठी दाव्याची नक्कल द्या. समन्ससोबत दाव्याची प्रत गेली नाही तर बजावणी अर्धवट राहते आणि तारीख फुकट जाते. प्रोसेस फी, म्हणजे समन्स काढण्याची फी, कोर्टातच भरायची आणि नोंद झाली का बघायची. ती भरली नाही म्हणून समन्स निघालं नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. बेलिफाच्या हातात चहापाण्याच्या नावाने काही ठेवू नका. ठेवलेलं उलटतपासणीत बाहेर येतं.

पत्ता कसा लिहायचा? धुळ्यात गल्लीचा नंबर लिहिला तरी घरनंबर आणि खूण हवीच: पिंपळाचा पार, पिठाची गिरणी, दवाखाना. जळगावात 'मेहरूण' किंवा 'पिंप्राळा' एवढं लिहून भागत नाही, प्लॉट नंबर आणि कॉलनीचं नाव हवं. दुकानाचा दावा असेल तर दुकान आणि राहतं घर असे दोन्ही पत्ते टाका. मोबाईल आणि ई-मेल माहीत असेल तर तेही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम ९ मध्ये टपाल, मान्यताप्राप्त कुरिअर, फॅक्स, ई-मेल असे मार्ग आहेत. व्हॉट्सॲपबद्दल सगळे विचारतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उघडल्याच्या निळ्या खुणा मान्य केल्या होत्या. पण तालुक्याच्या कोर्टात निव्वळ निळ्या खुणांवर विसंबू नका. ते जादा समजा.

बेलिफाशिवाय एक मार्ग आहे: नियम ९-अ खाली अर्ज करून वादीला स्वतःच्या हाताने समन्स बजावायची परवानगी मिळते. भाडेकरू शेजारीच राहत असेल तर हे बरं वाटतं, पण घरमालक-भाडेकरू एकमेकांचं तोंड बघत नसतील तर हा मार्ग घेऊ नये असं माझं मत. कागद देण्यावरून झालेली बाचाबाची पुढे दावाभर पुरते.

बेलीफ दारात

तुमचं काम घर दाखवण्याचं आणि भाडेकरूला ओळखण्याचं. बोलायचं बेलिफाने. भाडेकरूशी हिशेब काढू नका, मोबाईलवर त्याचा तमाशा करू नका.

भाडेकरू स्वतः भेटला तर त्याने नक्कल घ्यायची आणि मूळ समन्सवर सही करायची. सहीखाली तारीख आणि वेळ त्याच्याच हाताने आली तर सोन्याहून पिवळं. तुमच्या वकिलाला पुढे याच तारखेपासून ते ९० दिवस मोजायचे आहेत.

तो घरी नसला तर? नियम १५ वाचा, त्यात दोन अटी आहेत. एक, बजावणीच्या वेळी तो घरी नसावा आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नसावी. दोन, त्याच्या वतीने कागद घ्यायला नेमलेला मुखत्यार नसावा. तेव्हा घरातल्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या, सज्ञान माणसाला कागद देता येतो, पुरुष असो की बाई. सून, सासू, बायको, कोणीही चालतं. 'बाईमाणसाकडे कसा द्यायचा' असं म्हणणारे अजून भेटतात, त्यांना हा नियम दाखवा. नोकर मात्र कुटुंबातला धरत नाहीत, असं नियमातच लिहिलंय. म्हणजे ज्या गड्याला घरी नोटीस देता आली, त्यालाच समन्स देता येत नाही. दुकानातल्या पोराच्या हातात समन्स ठेवून 'बजावले' लिहिलेला शेरा बघितला की मी लगेच नवीन समन्ससाठी अर्ज तयार ठेवतो.

आता माझ्या धुळ्याच्या गोष्टीकडे या. सून म्हणाली, सांजले येतीन. म्हणजे माणूस वाजवी वेळेत सापडणार होता. करायला हवं होतं ते एवढंच: त्या उत्तरासकट वेळ लिहायची, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं, तरी भेटला नाही तर ते लिहायचं, आणि तिसऱ्या वेळी डकवायचं. नियम १७ मध्ये डकवण्याआधी योग्य आणि पुरेसा प्रयत्न करावा लागतो, आणि तो प्रयत्न शेऱ्यात दिसावा लागतो.

मी आता बेलीफभाऊंना विनंती करून शेरा साधारण असा लिहून घेतो: 'दि. अमुक, सकाळी ८.३०, घरी गेलो, सुनेने सांगितले की प्रतिवादी शेतात गेले, सायंकाळी परततील. त्याच दिवशी सायं. ६.४५ ला पुन्हा गेलो, दार बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४५ ला गेलो, दारात प्रतिवादी स्वतः होते, समन्स घेण्यास नकार दिला. सबब समन्स व दाव्याची नक्कल बाहेरच्या दारावर डकविली. घर ओळख अमुक यांनी दाखविली, राहणार अमुक, त्यांच्यासमोर डकविले.' ओळख दाखवणाऱ्याचं नाव आणि पत्ता दोन्ही हवेत, नियमातच मागितलेत. घरमालकाचा मुलगा ओळख दाखवायला चालतो, पण शेजारचा त्रयस्थ मिळाला तर जास्त चांगलं. शेऱ्याला बेलिफाचं शपथपत्र जोडलेलं आहे का तेही बघा. नसेल तर कोर्टाला त्याची साक्ष घ्यावी लागते.

एक बारीकशी गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या दारावर डिंकाने लावलेला कागद दुपारपर्यंत गळून पडतो. डकवल्याबरोबर फोटो काढा, त्यात दाराची पाटी किंवा घरनंबर आला पाहिजे.

सुरतला गेलेला माणूस

नंदुरबार, नवापूर, तळोद्याकडची कित्येक घरं दिवाळीनंतर बंद असतात. माणसं ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. शेजारी सांगतात, 'तो सुरतले गया.' अशा वेळी बंद दारावर समन्स डकवून 'बजावले' म्हणण्यात धोका आहे. सुरतचा पत्ता मिळाला तर तिथल्या कोर्टामार्फत बजावणी मागा, आणि मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागेल का हे नाझरांना (कोर्टात समन्स-बेलिफांचं काम बघणारे अधिकारी) आधी विचारून घ्या. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, पण बेलीफ फलाटावरून तसा पलीकडे जाऊ शकत नाही.

भुसावळला उलटी सोय आहे. भाडेकरू रेल्वेत असेल तर नियम २७ प्रमाणे कोर्ट त्याच्या कार्यालयप्रमुखामार्फत समन्स पाठवू शकतं. शिफ्टमुळे घरी कधीच न सापडणारा गार्ड तिथे हमखास सापडतो. सैन्यात असेल तर नियम २८, कमांडिंग ऑफिसरमार्फत.

कागद न बजावता परत आला की घड्याळ सुरू होतं. सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही तर आदेश ९ नियम ५ खाली दावा काढून टाकला जाऊ शकतो. म्हणून दर आठवड्याला नाझर शाखेत चौकशी करा, किंवा ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून पुढची तारीख बघत राहा.

जाहीर समन्स

सगळं करून माणूस सापडत नसेल, किंवा मुद्दाम चुकवत असेल, तर नियम २० खाली अर्ज. त्याला शपथपत्र जोडा आणि त्यात आधीच्या प्रत्येक प्रयत्नाची तारीख लिहा, तरच कोर्टाचं समाधान होतं. मग समन्स कोर्टाच्या आवारात आणि घरावर लागतं, किंवा वर्तमानपत्रात छापून येतं. वर्तमानपत्र भाडेकरू शेवटी जिथे राहत होता किंवा धंदा करत होता त्या भागात खपणारं दैनिक हवं. स्वस्तात छापतं म्हणून कुठल्याही भलत्या गावच्या पेपरात देऊ नका. छापून आलेला पूर्ण अंक कोर्टात दाखल करा, कात्रण नको.

कागद तुमच्या दारात आला असेल तर

समन्स घ्या. नाकारून काही फायदा होत नाही, नकाराचा शेरा पडला की कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं. सही करताना स्वतःच्या हाताने तारीख-वेळ टाका, समन्सचा आणि दाव्याच्या नकलेचा फोटो काढा. भाडं थकलेलं असेल तर त्याच दिवशी कॅलेंडरवर ९० वा दिवस लाल करा आणि व्याजासह आकडा काढायला बसा. पैसे कोर्टात भरायचे, मालकाच्या हातात बिनपावतीचे नाहीत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कायद्यात दिलेले इतर घटक यांना वकील मोफत मिळतो.

समन्स कधी मिळालंच नाही आणि एकदम हुकूमनाम्याची बातमी आली, तर कळल्यापासून ३० दिवसांत एकतर्फा हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. पण तारीख माहीत होती, हजर राहायला वेळही होता, आणि केवळ बजावणीत बारीकसारीक चूक आहे एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही.

तारखेच्या दिवशी

वादीच्या बाजूने असाल तर समन्सच्या तारखेला कोर्टात लवकर जा, मूळ समन्स परत आलंय का बघा आणि मागचा शेरा स्वतः वाचा. त्यावर काही कमी असेल तर तिथेच नवीन समन्सचा अर्ज द्या, एकतर्फा आदेशाचा आग्रह धरू नका. शेरा बरोबर असेल तर समन्स योग्य रीतीने बजावलं गेलं, अमुक तारखेला, असा आदेश रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेवार कामाच्या नोंदीत) आला आहे का ते बघूनच बाहेर पडा. धुळ्याच्या त्या फाइलीत रोजनाम्यावर नुसतं 'स. ब.' (समन्स बजावले) एवढंच लिहिलेलं होतं.